तीन हजार सातशे मीटरवर

येसेनिया, आधी हात बघ, मग नळी.
दोरी फार वेळ आवळून ठेवलीस,
दहा वेळा मूठ वळायला लावलीस,
की पोटॅशियम वाढतं,
नळीतल्या नळीत.

आणि हे चाल्यापाताहून आलेलं रक्त,
मिनीबसच्या मागच्या सीटखाली
बटाट्याच्या पोत्याला टेकून
हादरे खात आलंय.
वरचं पाणी पिवळं हवं, ते गुलाबी झालंय:
पेशी वाटेतच फुटल्या.
यंत्र म्हणेल सहा पूर्णांक आठ,
लाल अक्षरांत ओरडेल.
त्याला बिचाऱ्याला रस्ता माहीत नाही.
फोन कर, दुसरा नमुना मागव,
पण त्या बाईला घाबरवू नकोस.

आता हा कागद.
उजव्या रकान्यात छापलंय: पुरुष, तेरा ते सतरा.
कुठल्याशा बंदराच्या गावी,
जिथे हवा पेजेसारखी दाट असते,
शंभर धडधाकट माणसं उभी केली,
दोन्ही टोकांची मिळून पाच वगळली,
उरलेल्यांना म्हणाले नॉर्मल.
ती पाचही ठणठणीतच होती,
घरी जाऊन जेवली असतील.
म्हणून वीस तपासण्या सांगितल्या
की एखाद्या आकड्याशेजारी
उगाचच चांदणी उगवते.

माझा बाप आरिकाला उतरला होता,
मासळीच्या पेट्या भरायला.
तिथल्या डॉक्टरनं त्याचे अठरा पूर्णांक चार पाहिले,
दंडातून अर्धा लिटर काढलं, बादलीत सोडलं.
ओरुरोला परतला तेव्हा
बसथांब्यापासून घरापर्यंत
चार वेळा खाली बसला. मी पंधरा वर्षांची.
तेव्हापासून त्या रकान्यावर माझा डोळा आहे.

इथली हवा विरळ. मज्जा जास्तीचे मजूर लावते.
सतरा, साडेसतरा हे आमचं रोजचं.

परवा संध्याकाळी फ्लोरेन्सियो उआराची,
वय बावन्न, उआनुनीची कथिलाची खाण,
वार्षिक तपासणी, मागितलंय फक्त हिमोग्लोबिन.
तेरा पूर्णांक नऊ.
चांदणी नाही, लाल अक्षर नाही,
यंत्र मूग गिळून गप्प.
मी जुनी वही काढली.
तीन वर्षांपूर्वी अठरा पूर्णांक एक.
गेल्या वर्षी सोळा आणि काहीतरी,
ते काहीतरी कॉफीच्या डागाखाली.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात,
पण कालचं शीतही जपून ठेवावं लागतं.

काच ओढली, रंग चढवला, डोळा लावला.
पेशी बारक्या, पोटं फिकी,
कडेला तेवढी लाली,
जेवून उठल्यावर राहिलेल्या ताटांसारख्या.
आत कुठेतरी रक्त झिरपत असावं.
जठर की आतडं, ते मी लिहीत नाही,
माझ्या टेबलावरून तेवढं लांबचं दिसत नाही.
खाली पेनानं लिहिलं:
या उंचीला कमी. आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा. फेरिटिन करावं.
मग डॉक्टर लिस्बेथना फोन लावला.
म्हणाल्या, पण हे तर नॉर्मल आहे ना?
म्हटलं, आरिकात आहे.
पलीकडून बराच वेळ नुसती खरखर.

आज तो आलाय, बघ, खिडकीशी,
हेल्मेट काखेत.
विचारतोय, पास झालो का?
मी म्हटलं, बसा, आणखी एक नळी हवी.
बसला, बाही वर केली.
खालून इथवर चौदाच पायऱ्या,
त्याची धाप अजून ओसरली नाहीये.
खाणीत उतरणारा माणूस.
धापेला कागदावर रकाना नाही.

दोरी बांध, येसेनिया. जरा सैल.
मूठ वळायला सांगू नकोस.